हिशेबात न धरलेला महिना

मी चांदीची कडी बोलतेय. जरा हळू बोलते, कारण माझ्यासारखीनं चारचौघांत तोंड उघडायची रीत नाही. बांगडी बोलली, जोडवं बोललं, तर लोक कौतुकानं ऐकतात. माझं नाव निघालं की बायका पदर तोंडाला लावतात आणि पुरुष खाकरून बाहेर निघून जातात. त्यात मी भित्री. पण कोकिळेचं काय झालं ते माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही, म्हणून धीर करते.

दिसायला मी काहीच नाही. बारीक चांदीच्या तारेची गुंडाळी केली आणि तिची दोन टोकं जोडून गोल केला, झाले मी. रुपयाहून लहान. दाबलं की दबते, सोडलं की परत गोल होते. बाईच्या गर्भपिशवीत मला ठेवलं की तिला दिवस राहत नाहीत. एवढंच माझं काम, आणि तेवढ्यासाठीच माझी लाज.

मला जर्मनीत बनवलं. आगबोटीनं मुंबईला आले, आणि मुंबईहून आठ-दहा बहिणींबरोबर काचेच्या डबीत बसून घाट चढून बुलढाण्याला. तिथं अन्नपूर्णाबाई नावाच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. नागपूरला शिकल्या होत्या, मुंबईला दोन वर्षं मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली राहिल्या होत्या. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. बुलढाण्यात कचेऱ्या होत्या, साहेबांचे बंगले होते, पण आजूबाजूच्या शंभर गावांतल्या बायकांना विश्वासानं जावं असं ठिकाण हे एकच. बाईंनी आमची डबी कपाटात अगदी मागं, कापसाच्या पुड्याआड ठेवली. त्यांचा हातसुद्धा डबीला लागताना इकडंतिकडं बघायचा. आपल्याला सगळेच भितात हे मला तिथंच कळलं.

एका सकाळी मोताळ्याच्या दोघी आल्या. पुढं सासू झुंबरबाई, कमरेला पानाची चंची, चेहरा दगडासारखा. मागं सून कोकिळा, सत्तावीस वर्षांची, पण भिंत धरत चालत होती. दोन महिन्यांपूर्वीच तिचं पाचवं बाळंतपण झालं होतं. मूल मेलेलंच जन्मलं आणि रक्त थांबेना. गावच्या अमीनादाईनं होतं नव्हतं ते सगळं केलं, आणि शेवटी स्वतःच ओरडून अन्नपूर्णाबाईंना बोलावणं धाडायला लावलं. त्या आल्या म्हणून कोकिळा वाचली.

"पुन्हा दिवस राहिले तर मी काही करू शकणार नाही," बाई सरळ बोलल्या. "हिच्या अंगात दुसऱ्यांदा सांडायला रक्त नाही."

झुंबरबाईंनी सुनेकडं पाहिलं. त्यांची एकुलती एक लेक विमल पहिल्याच बाळंतपणात गेली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग काय करायचं ते तुमीच करा, बाई. माह्याच्यानं अजून एक लेक जाळवत नाही."

बाईंनी मला डबीतून काढलं, कोकिळेच्या तळहातावर ठेवलं आणि समजावून सांगितलं. कोकिळा माझ्याकडं विंचवाकडं बघावं तशी बघत होती. तिनं विचारलं ते एकच.

"यायले सांगा लागते का?" तिचा प्रश्न नवऱ्याबद्दल होता. पुंजाजी, दोन बैलजोड्यांचा शेतकरी, अबोल गडी.

"सांगितलंत तर बरं," बाई म्हणाल्या.

"नोको," झुंबरबाई मध्येच बोलल्या. "माणसाले असं सांगत असतात का? उद्या म्हणीन, बायको आता कामाची नाही, दुसरी करतो. घरात सवत आली का मंग?"

कोकिळेनं मान हलवली. ती मरणाला भीत होती, पण सवतीला त्याहून जास्त. आणि हे तीन बायकांमधलं गुपित झालं, चौथी मी.

आत गेले तेव्हा खरं सांगते, मीही थरथरत होते. तिथं उजेड नसतो. ऊब असते आणि एक ठोका अखंड ऐकू येतो. माझ्यामुळं हिला ताप भरला तर? मी सरकले तर? बाईंनी सांगून ठेवलं होतं, पोटात दुखलं, थंडी वाजली, की लगेच यायचं. त्यामुळं जरा कुठं कळ आली की कोकिळा खुरपं टाकून बांधावर बसायची आणि पोटावर हात ठेवायची. हात तिचा, पण धडधड माझीही वाढायची.

चौथ्या महिन्यात तिचं अंगावर जाणं फार वाढलं. दूर बसायचे दिवस चारचे आठ झाले. शेजारणी विचारू लागल्या, पुंजाजीही एकदा म्हणाला, "काऊन वं, यावेळी लयच दिवस?" त्या एका प्रश्नानं ती इतकी घाबरली की दुसऱ्याच दिवशी तिनं सासूला घेऊन बुलढाणा गाठलं आणि मला काढायला लावलं. बाई म्हणाल्या, थोडं सोस, कमी होईल. ती ऐकेना. "त्यायले कळलं तं मी मेली," एवढंच म्हणत राहिली.

निघताना बाई मला उकळून डबीत ठेवणार, तेवढ्यात झुंबरबाईंनी हात पुढं केला. "ते आमाले द्या. अंगातली वस्तू परक्याच्या घरी ठेवत नसतात. कोणी करणी केली तं?" बाई हसल्या, पण मला कापसात गुंडाळून दिलं. अशी मी झुंबरबाईंच्या चंचीत आले. सुपारी, अडकित्ता आणि काताच्या शेजारी. तेव्हापासून बाहेर असले की माझा मुक्काम तिथंच.

मी बाहेर होते त्या दोन महिन्यांत कोकिळेची काय दशा होती, विचारू नका. आत होते तेव्हा माझी भीती, बाहेर होते तेव्हा पोटाची भीती. दूर बसायचा दिवस जवळ आला की तिला जेवण जायचं नाही. दिवस आला की ती न्हाणीत जाऊन रडायची, आनंदानं. दोनदा असं झालं आणि मग ती स्वतःच म्हणाली, "आत्याबाई, चला. आठ दिवस बसा लागलं तरी चालीन. हे नाही सहन होत."

पुन्हा भाड्याची मोटार चालवणाऱ्या निजामच्या गाडीत बसून घाट चढलो. पुन्हा मी आत. या खेपेला अंगावर जाणं बेताचंच राहिलं, आणि ते वर्षभर मी तिच्याजवळ होते. त्या वर्षात ती भरली. गालावर मांस आलं. कपाशी वेचताना गाणं म्हणायला लागली. धाकट्या लेकाला खांद्यावर घेऊन मोताळ्याच्या बाजारात उभं राहून पेरू खायची. मी कुणाच्या कामी आले असेन तर त्या वर्षात.

वर्ष झालं की मला काढून बघायचं, पिशवीला महिनाभर विसावा द्यायचा आणि मग परत बसवायचं, असा बाईंचा नेम होता. मुंबईला काही बायकांना माझ्या बहिणींमुळं सूज आली, ताप चढले, असं त्यांना कुणी डॉक्टरांनी पत्रातून कळवलं होतं. त्यामुळं त्या नेमाला पक्क्या होत्या. श्रावणात नागपंचमी झाली आणि दोघी गेल्या. बाईंनी मला काढलं. थोडी काळी पडले होते, बाकी धड होते.

"आता नीट ऐका," बाई म्हणाल्या. "पोळा झाला, भादवा लागला, की चार दिवसांच्या आत यायचं. तोवर नवऱ्यापासून दूर राहायचं. काहीही सबब सांग, पण दूर राहा."

बाईंच्या भिंतीवर इंग्रजी तारखांचं कॅलेंडर होतं. समोरच्या दोघींना त्या तारखा कळणार नाहीत म्हणून त्यांनी आपल्या महिन्यात सांगितलं. चांगल्या मनानं सांगितलं. पण त्या साली भादवे दोन होते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पोळा झाला. बैलांची शिंगं रंगवून झाली, आणि दुसऱ्या दिवशी अधिकाचा भादवा लागला. धोंड्याचा महिना. कोकिळा सासूला म्हणाली, "आत्याबाई, भादवा लागला ना? जावं का?"

झुंबरबाई सुपारी कातरत होत्या. मी त्यांच्या मांडीवरच्या चंचीत होते, शब्द न् शब्द ऐकला.

"येडी का वं तू? हा का भादवा हाये? हा धोंड्याचा. या महिन्यात नवी बांगडी अंगावर चढवत नाहीत, अन् हे चढवतीन? खरा भादवा पुढं हाये. बाईनं भादव्यात ये म्हणलं, तं आपण भादव्यातच जाऊ."

"पण महिना व्हते ना, आत्याबाई."

"हा महिना धरत नसतात वं. हिशोबाबाहेरचा असते."

मला ओरडावंसं वाटलं. चांदीला ओरडता येत असतं तर अडकित्त्याच्या पात्यावर आपटून मी ओरडले असते. पण झुंबरबाई खोटं काहीच सांगत नव्हत्या. त्यांच्या आईनं, सासूनं, अवघ्या गावानं तो महिना असाच बाजूला ठेवलेला होता. लग्न नाही, मुंज नाही, घराचा पाया नाही. देवाचा महिना. त्यात माणसानं काही धरायचं नाही.

आणि त्याच महिन्यात कोकिळेचा भाऊ हिंमतराव शेगावकडच्या गावाहून बोलवायला आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे जेवू घालायचे, धोतर द्यायचं, आठ दिवस कौतुक करायचं. मागच्या धोंड्याला पुंजाजीला जमलं नव्हतं. हिंमतराव ओसरीवर बसून म्हणाला, "या खेपेले पाव्हण्यायले घेतल्याबिगर मी उठतच नाही."

कोकिळा चुलीपाशी पांढरी पडली. सासूजवळ येऊन कुजबुजली, "मी नाही जात. यायलेच एकट्याले पाठवा."

"जावई एकटाच जाते का धोंडे खायाले? जोडीनं बसा लागते," झुंबरबाई म्हणाल्या. मग त्यांनाही थोडी शंका आली असावी, कारण त्यांचा हात चंचीवर आला आणि कापडावरून त्यांनी मला चाचपलं. "अन् नाही म्हणलं तं काय सांगशीन? काऊन येत नाही म्हणून भाऊ इचारीन, नवरा इचारीन. जाय. देवाचा महिना हाये. देवाच्या महिन्यात काही होत नाही."

कोकिळा गेली. मी तिच्याबरोबर नव्हते, इथं चंचीत होते. ते आठ दिवस मी मोजले. झुंबरबाई पान लावायला चंची उघडायच्या तेव्हा उजेड दिसायचा, त्यावरून मोजले. माहेरी जावयाला पुरणाचे धोंडे वाढले, जोडीला माजघरात अंथरूण घातलं, हे सगळं कोकिळेनं परत आल्यावर सासूला सांगितलं. सांगताना ती खाली बघत होती.

खरा भादवा लागला त्याच दिवशी दोघी मोटारीत बसल्या. झुंबरबाईंना केवढा अभिमान! एक दिवस इकडचा तिकडं नाही, बाईंनी सांगितलं तसं. त्यांनी मला चंचीतून काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "घ्या, भादवा लागला, आमी आलो."

अन्नपूर्णाबाई कॅलेंडरकडं बघत राहिल्या.

"दोन महिने होत आले, झुंबरबाई. मधला महिनाभर कुठं होतात?"

"बाई, धोंड्याचा महिना होता ना."

बाईंनी कोकिळेकडं वळून हळूच विचारलं, "तुझी पाळी कधी आली होती?"

"नाही आली, बाई," कोकिळा म्हणाली. आणि लगेच घाईघाईनं, जणू बाईंचीच समजूत घालतेय अशी म्हणाली, "पण तो महिना धोंड्याचा होता. धरत नसतात."

बाईंनी तिला आत नेऊन तपासलं. मी टेबलावरच राहिले. मला कुणी उकळायला घेतलं नाही, तेव्हाच मी समजले. परत आल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी तारीख सांगायला हवी होती." झुंबरबाईंनी मला उचललं. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती.

पुढचे महिने कसे गेले ते मला सांगवत नाही, तरी सांगते. कोकिळेचं पोट वाढत गेलं आणि गाणं बंद झालं. गावाला वाटलं, पुंजाजीच्या घरी परत पाळणा हलणार. पुंजाजीही खुशीत होता. बाजारातून तिच्यासाठी गूळ आणायचा, खारका आणायचा. त्या खारका ती खायची आणि त्याच्या पाठीकडं बघत राहायची. खरं सांगायचं तोंडाशी येत असेल, गिळत असेल. झुंबरबाई दिवसभर चंचीत हात घालून मला अंगठ्यानं चोळत बसायच्या. जपाची माळ असावी तशी. सुपारी खायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

अन्नपूर्णाबाईंनी वैशाखातच वर बुलढाण्याला येऊन राहायला सांगितलं होतं. "इथं माझ्या डोळ्यांसमोर बाळंत हो. काय करता येईल ते करू." झुंबरबाईंनी मोटारही ठरवली. पुंजाजी चकित झाला. "घरी अमीनादाई हाये, बुलढाण्याले कायले नेता?" झुंबरबाईंनी काहीतरी थातूरमातूर सांगितलं. सोमवारी निघायचं ठरलं. शनिवारी दुपारी, ऊन नुसतं आग ओकत असताना, पाणी भरता भरता कोकिळा रांजणापाशी खाली बसली. तीन आठवडे आधीच.

अमीनादाई धावत आली. पुंजाजीनं बैल जुंपले आणि निजामची मोटार गाठून बाईंना आणायला स्वतः गेला. अन्नपूर्णाबाई चार वाजता पोचल्या, मोटारीतून उतरल्या त्या धावतच आत गेल्या. मुलगी झाली होती. रडत होती. बाईंनी मुलीकडं पाहिलंसुद्धा नाही, बाह्या सारून त्या कोकिळेपाशी बसल्या.

झुंबरबाई उंबऱ्यात होत्या. मी त्यांच्या मुठीत. आतून अमीनादाईचा आवाज येत होता, "या अल्ला, या अल्ला," आणि बाईंचा, "अजून कापड दे, अजून दे." कोकिळेचा आवाज एकदाच आला. "आत्याबाई," म्हणाली, "यायले सांगू नका, हं." झुंबरबाईंनी मूठ आवळली. इतकी आवळली की माझा गोल चेपला आणि तारेचं टोक सुटून त्यांच्या तळव्यात रुतलं. त्यांना कळलंही नाही. दिवे लागायच्या आत कोकिळा गेली.

तेराव्याला गाव जेवून गेलं. चौदाव्या दिवशी सकाळी पुंजाजी ओसरीवर बसला होता. पोरगी शेळीच्या दुधाच्या बोळ्यावर झोपली होती. झुंबरबाई त्याच्यासमोर येऊन बसल्या आणि त्यांनी चंची उघडून मला जमिनीवर ठेवलं. मी चेपलेली, काळी. मग त्यांनी सगळं सांगितलं. बुलढाण्याचं, मला घातल्याचं, काढल्याचं, परत घातल्याचं, श्रावणातलं, आणि धोंड्याच्या महिन्यातलं. एक शब्द लपवला नाही. सांगून झाल्यावर त्यांनी मान खाली घातली, मारायचं असेल तर मार अशी.

मी भीतीनं गोठले होते. याच माणसाला आम्ही तिघी-चौघी अडीच वर्षं भीत आलो होतो. आता हा ओरडेल, आईला घराबाहेर काढेल, मला दगडाखाली ठेचेल.

पुंजाजीनं मला उचललं. बोटांत धरून फिरवलं.

"एका महिन्यासाठी?" तो म्हणाला.

झुंबरबाईंनी खाली बघतच मान हलवली.

"मले सांगतलं असतं, माय." त्याचा आवाज फुटला. "मी काय जनावर हाओ? एक महिना तं म्या मळ्यात निजलो असतो. वरीस म्हणली असती तं वरीस निजलो असतो. दुसरी कशाले केली असती म्या? मले तेच पाह्यजे होती."

झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या लहान पोरीसारख्या रडायला लागल्या. आत मुलगी जागी झाली. पुंजाजीच उठला आणि तिला घ्यायला गेला.

तेव्हापासून मी त्याच्याकडं आहे, पेटीत, कोकिळेच्या जुन्या लुगड्याच्या घडीत. आता मी कुणाच्याच कामाची नाही. चेपलेली कडी परत बसवत नसतात. अन्नपूर्णाबाईही आता माझ्या बहिणी फारशा वापरत नाहीत म्हणतात, आमचा भरवसा नाही म्हणून. बरोबरच आहे, मी कधी भरवशाची नव्हते. सोनाराच्या मुशीत गेले तरी माझी तक्रार नाही.

एकच मागणं आहे. माझ्यासारखी एखादी, किंवा माझ्याहून शहाणी एखादी, तुमच्या घरात येईल. तिला लपवायचं असेल तर गावापासून लपवा, शेजारणींपासून लपवा. पण ज्याच्या शेजारी निजायचं आहे, त्याला सांगा. घाबरत सांगा, अंधारात सांगा, पाठ फिरवून सांगा. तो काय म्हणेल ते तुम्हाला ठाऊक नाही. कोकिळेला ठाऊक नव्हतं, आणि मी तिच्या इतकी जवळ होते, तरी मलाही ठाऊक नव्हतं.